डोक्याच्या वर नाही

युरे गावात कौपाला सगळे 'ट्रक' म्हणत. खरा ट्रक आमच्या डोंगरात पोचतच नाही. सडक खाली नदीपर्यंत येते, दमते आणि तिथेच चिखलात बसकण मारते. तिथून पुढे कौपा सुरू होतो, असं लोक सांगत, आणि सांगणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज खुद्द कौपाचा असे.

माणूस तसा बुटका, पण खांदे असे की दारातून आत शिरताना त्याला तिरकं व्हावं लागे. दुकानातल्या तांदळाच्या गोण्या, छपराचे पत्रे, चर्चची घंटा, शाळेचा फळा, निवडणुकीच्या मतपेट्या, जे जे म्हणून खालून वर आलं ते कौपाच्या खांद्यावरून आलं. एकदा नदीला पाणी चढलं होतं आणि मेंबरसाहेबांना पलीकडे सभेला जायचं होतं, तेव्हा त्यांनाही त्यानं खांद्यावर बसवून पार केलं. मध्यधारेत साहेबांची गाळण उडाली आणि त्यांनी कौपाचे केस दोन्ही मुठींत धरले.

"माझे केस गेले ते त्या दिवशी," कौपा पुरुषांच्या घरात शेकोटीपाशी बसून सांगे. "साहेबांना मतं मिळाली, मला टक्कल."

मग अंगणाच्या पलीकडून, बायकांच्या घराच्या दारातून, रताळी सोलता सोलता ओतिलियाचा आवाज येई, "खोटं बोलतोय मेला! केस आधीच गेले होते. लग्नात डोक्याला चिखल फासून आला होता, मला वाटलं सजून आलाय!"

ओतिलिया ही कौपाची बायको. तोंडानं फटकळ, हातानं झपाट्याची, आणि चर्चमध्ये गायला लागली की पाद्रीबाबा स्वतःचा आवाज खाली घेत. कौपा कुठलीही गोष्ट वाढवून सांगायला लागला की ही पलीकडून ती छाटून मापात आणी. कौपा लटक्या रागानं म्हणे, "बघा, हिच्यामुळे माझं नाव होत नाही." पण एखाद्या संध्याकाळी ती मळ्यातून उशिरा आली, तर याची गोष्ट अडखळत चाले. दुरुस्त करणारं कुणी नसलं की त्याला खोटं बोलण्यात मजा वाटत नसे.

आता आमच्या पुरुषांबद्दल थोडं सांगायला हवं. आमचे पुरुष शूर आहेत. शेजारच्या कुळाशी भांडण झालं तर बाणांच्या पावसात छाती काढून उभे राहतात. दरड कोसळत असली तरी खालून सुपारी तोंडात टाकत जातात. भितात ते एकाच गोष्टीला, बाईच्या रक्ताला. त्यातून बाळंतिणीच्या रक्ताला तर इतके, की नुसतं नाव काढलं तरी दोन पावलं मागे सरतात. ते रक्त लागलं की पुरुषाची कातडी सैल पडते, दम जातो, दात हलतात, असं आम्हाला आईच्या दुधाबरोबर, नाही, बापाच्या तंबाखूच्या धुराबरोबर शिकवलेलं असतं. म्हणून बाळंतीण गावाखालच्या उतारावर वेगळ्या झोपडीत. म्हणून बाईनं पुरुषाच्या पायांवरून ओलांडायचं नाही, त्याच्या धनुष्यावरून नाही, त्याच्या जेवणावरून नाही. आणि सगळ्यात मोठा नियम हा, की बाई पुरुषाच्या डोक्याच्या वर नाही. घर शाकारताना छपरावर बाई चढली, तर खाली उभे असलेले पुरुष गारा पडल्यासारखे पळतात.

कौपाची सगळी पुंजी त्याच्या खांद्यांत. तो इतरांपेक्षा जास्तच जपे. गाल्म्याला नवं आरोग्य केंद्र झालं तेव्हा तिथली बाळंतपणाची लोखंडी खाट त्यानंच पाठीवरून नेली. वाटेत थकला की खाट मांडून तिच्यावर ताणून देई. खाट बाळंतिणींसाठी, पण तिच्यावर पहिला घोरला तो कौपा. एकदा तिच्यावर एका बाईचं बाळंतपण झाल्यावर मात्र तो त्या खोलीच्या दिशेनं थुंकायलाही जात नसे.

ओतिलिया म्हणायची, "तुझ्या खांद्यावर मेंबरचं बूड चालतं, चर्चची घंटा चालते, डुक्कर चालतं. माझंच तेवढं काय विष आहे रे?"

"विष नाही गं," कौपा समजुतीनं सांगे. "नियम आहे."

तिची चार मुलं झाली होती. दोन अंगणात खेळत होती, दोन केळींपाशी पुरली होती. पाचव्याच्या वेळी तिला पहाटे कळा आल्या आणि ती स्वतःच्या पायांनी उतारावरच्या झोपडीत गेली. सोबत कुमाआत्या. कुमाआत्या म्हणजे गावातल्या निम्म्या लोकांना पोटातून बाहेर ओढणारी म्हातारी, आणि त्यामुळे त्या निम्म्यांना आयुष्यभर दम देण्याचा हक्क असलेली.

सूर्य कड्यावर आला तेव्हा खालून बाळाचं रडणं ऐकू आलं. कौपा पुरुषांच्या घराबाहेर बसला होता. चुलतभाऊ येऊन पाठीवर थापा मारून गेले. "ट्रकला ट्रेलर झाला रे!" कुणीतरी ओरडलं. कौपानं सुपारी वाटली आणि बाळाच्या रडण्यावरून ते केवढं दांडगं असणार याची गोष्ट रचायला घेतली.

गोष्ट अर्ध्यावर असताना कुमाआत्या उतारावरून वर येताना दिसली. अंगणाच्या कडेला, रीतीप्रमाणे पुरुषांपासून लांब, ती उभी राहिली. हात कोपरापर्यंत लाल.

"मुलगी झाली. पण वार पडत नाही," ती म्हणाली. "आणि रक्त थांबत नाही. गाल्म्याला न्या तिला. आत्ता. सुपारी थुंका आणि उठा!"

गाल्मा डोंगराच्या पलीकडे. मधे जो उभा कडा आहे त्याला आम्ही डुकराचा कणा म्हणतो. कण्यावरून गेलं की सूर्य माथ्यावर यायच्या आत माणूस पलीकडे उतरतो. दुसरी वाट डोंगराच्या कमरेला वळसा घालून जाते. ती सपाट आहे, पण दिवस खाते.

माणसं उठली. हे सांगितलंच पाहिजे, की एकानंही कां-कूं केली नाही. सुरूची दोन खोडं तोडली, कॉफीच्या पोत्यांची झोळी शिवली, चार टोकांना दोर बांधले. चौघे गडी पुढे झाले. त्यांत कौपाचा पुतण्या बेने होता, नुकतं लग्न झालेला, अंगात रग असलेला. स्ट्रेचर खांद्यावर घ्यायचं असतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. डुक्कर आम्ही खांद्यावरच नेतो. पण दांडे खांद्यावर घेतले की बाई डोक्याच्या उंचीला येते. म्हणून दोर लांब सोडले, खांद्यावरून आडवे घेतले आणि झोळी गुडघ्यांशी लोंबू दिली. आमच्याकडे हे असंच करतात. नवं काही नव्हतं.

दोन्ही वाटा जिथे फुटतात तिथे म्हातारे गोइये येऊन थांबले होते. गोइये म्हणजे कुळाचं तोंड. त्यांच्या मताशिवाय आमच्याकडे डुक्करही वीत नाही.

"कण्यावरून नका जाऊ," ते म्हणाले.

"का काका?" बेनेनं विचारलं. "तिकडून जवळ आहे."

"अरे, चढावर पुढचे दोघे वर, मागचे दोघे खाली. झोळी कितीही खाली धरा, मागच्यांच्या डोक्यावर येणारच ना ती? रक्त गळतंय. मागच्यांचं काय?"

मागच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांना मागच्यांचं काय ते एकदम कळलं. "वळसाच बरा," त्यांतला एक म्हणाला. "सपाट आहे. तिलाही धक्के कमी बसतील."

हे शेवटचं वाक्य सगळ्यांना फार आवडलं. कुणाच्याही भित्रेपणाला असं मायेचं पांघरूण मिळालं की त्याच्यात उबदार वाटतं. कौपानंही मान हलवली. नवरा असल्यामुळे त्याला तर झोळीला हात लावायचीही परवानगी नव्हती. तो कोयता घेऊन पुढे झाला, फांद्या छाटत.

कुमाआत्या मागून येत होती. डोक्यावरून पाठीवर सोडलेल्या जाळीच्या झोळीत बाळ. तिनं वळशाची वाट धरलेली पाहिली आणि तिची जीभ सुटली. "अरे मेल्यांनो, कण्यावरून चला! तुमची डोकी एवढी काय मोलाची आहेत रे? आत काय भरलंय त्यांच्यात? मीच बाहेर काढलीत ती, मला माहीत आहे!"

पुरुषांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यांना याची सवय होती.

गुडघ्यांशी लोंबणारी झोळी घेऊन चालणं म्हणजे काय, ते केल्याशिवाय कळायचं नाही. ती पायांत येते. वळणावर हेलकावे खाते, दगडाला आपटते. घटकाभर चाललं की खांद्यात दोर रुततो, थांबावं लागतं, खांदे बदलावे लागतात. सुरुवातीला ओतिलिया झोळीतून बोलत होती.

"बेने, जरा वर धर रे. माझं बूड दगड मोजतंय."

"काकी, थोडं सोसा."

"डुकराला तरी याच्यापेक्षा उंच नेता. मला डुक्कर समजून उचला, हरकत नाही."

गडी हसले. खरंच हसले, कारण तिनं हसवलं होतं. कौपा पुढून ओरडला, "गप पडून राहा गं, दम घालवू नकोस!"

मग तिनं पाणी मागितलं. कुमाआत्यानं पाजलं. मग पुन्हा मागितलं. मग थंडी वाजतेय म्हणाली, आणि वर ऊन तर कातडी भाजत होतं. बेनेनं अंगातला शर्ट काढून तिच्यावर टाकला, पण टाकताना हात लांब ठेवून, जसा आपण कुत्र्याला तुकडा टाकतो तसा.

गड्यांचा धीर खचायला लागला तेव्हा कौपानं आपलं नेहमीचं औषध काढलं. फांद्या छाटत छाटत तो मेंबरसाहेबांची गोष्ट सांगायला लागला. नदी आली, पाणी चढलं, साहेब खांद्यावर बसले. "तेव्हा माझे केस असे, कमरेपर्यंत!" कौपा म्हणाला.

मागून काही आलं नाही.

कौपानं कोयता थांबवला. "काळेभोर," तो जरा मोठ्यानं म्हणाला. "कमरेच्याही खाली. बायका मागे लागायच्या केसांमुळे."

मागून नुसते पाय वाजत होते. एवढं धडधडीत खोटं तिनं जन्मात सोडलं नव्हतं.

कौपा मागे वळला. झोळीखालची पोती काळी पडली होती आणि वाटेवर, ते आले होते त्या सगळ्या वाटेवर, ओल होती. ओतिलियाचे डोळे उघडे होते. ओठ राखेच्या रंगाचे. ती त्याच्याकडे बघत होती, पण तो दिसत होता की नाही, सांगता येत नव्हतं.

"थांबवा," कौपा म्हणाला.

"आत्ताच तर खांदे बदलले काका..."

"खाली ठेवा म्हटलं ना!"

त्यानं कोयता फेकला. झोळीचे दोर सोडले, पोत्यांसकट तिला गुंडाळलं आणि एका दमात दोन्ही खांद्यांवर आडवी घेतली. गडी बाजूला असे उडाले जणू बॉम्ब फुटला. बेने ओरडला, "काका, डोक्याच्या वर गेली ती! काका, मरशील!"

वळशाच्या त्या जागेवरून कण्याकडे चढणारी एक शेळीसुद्धा नाकारेल अशी घसरण आहे, तिथून कौपा वर चढायला लागला. मागे एकटी कुमाआत्या, पाठीवर बाळ, दोन्ही हातांनी गवत धरत. बाकीचे चौघे वाटेवर उभे राहून बघत राहिले. त्यांनाही काही सुचत नव्हतं. काहींनी तोंडावर हात ठेवला होता, कुणी चढून गेलेल्या माणसाच्या सावलीतूनसुद्धा बाजूला होत होतं.

रक्त कौपाच्या मानेवरून खाली आलं, पाठीवरून पट्ट्यात शिरलं. ते गरम होतं. त्यानं कातडी सैल पडायची वाट पाहिली. दम जायची वाट पाहिली. काही झालं नाही. खांदे होते तसेच होते, आणि बायको घंटेपेक्षा किती तरी हलकी होती. हे कळल्यावर त्याला धीर यायला हवा होता. पण त्याला कळलं की हे काम सकाळीही एवढंच सोपं होतं.

गाल्म्याचं केंद्र दुरून देखणं दिसतं. निळं छप्पर, पुढे मेंबरसाहेबांच्या हसऱ्या फोटोचा फलक. फलकावर लिहिलंय, 'प्रत्येक माता सुरक्षित.' फोटोतल्या साहेबांच्या दातांवर पावसानं बुरशी आली आहे. सिस्टर रुता ओसरीवर पावसाचं पाणी बादल्यांत भरत होती, कारण टाकीचा नळ उद्घाटनाच्या दिवशी जो वाहिला तो शेवटचा. ती समुद्राकडची, आमच्या थंडीला कायम शिव्या देणारी, दोन स्वेटर घालून वावरणारी बाई. कौपाला पाहताच तिनं बादली टाकली.

"आत. खाटेवर. बाळ कधी झालं?"

"सकाळी," कौपा म्हणाला.

तिनं उन्हाकडे पाहिलं. ऊन पश्चिमेकडे कलायला लागलं होतं. आत जाऊन तिनं हात घातला, वार काढली. मग कपाटातून इंजेक्शनं काढली, आणि कौपानं पाहिलं की ती खिडकीतल्या कपाटातून काढली, फ्रिजमधून नाही. फ्रिज कोपऱ्यात दार उघडं टाकून उभा होता, आत सिस्टरची पुस्तकं.

"हे थंडाव्यात ठेवायचं औषध आहे," सिस्टर सुई भरता भरता म्हणाली, जणू स्वतःशीच. "फ्रिजचा गॅस मेंबरच्या विश्रामगृहात गेला. पाहुणे येणार होते, बिअर थंड हवी होती. सिलिंडर परत पाठवतो म्हणाले. मी अजून वाट बघतेय."

तिनं एक दिलं. दुसरं दिलं. पोट चोळलं, मुठीनं दाबून धरलं. रेडिओवर मोठ्या हॉस्पिटलला बोलली. तिकडून उत्तर आलं की गाडी आहे, पण ती एका उद्घाटनाला खुर्च्या घेऊन गेली आहे. "खुर्च्या उतरवल्या की पाठवतो," तिकडचा माणूस म्हणाला. फार सभ्य आवाज होता. सिस्टरनं त्याला आपल्या भाषेत असं काही ऐकवलं की रेडिओ थोडा वेळ नुसता खरखरला. तिनं दाबलेली मूठ काढली नाही.

कौपा खोलीच्या आत उभा होता. कुणी त्याला बाहेर हो म्हटलं नाही आणि त्याच्याही लक्षात आलं नाही. ओतिलियानं एकदा मान वळवली. त्याला वाटलं ती काहीतरी दुरुस्त करणार आहे. त्यानं कान तिच्या तोंडाशी नेला.

ती काही बोलली नाही. थोड्या वेळानं सिस्टरनं मूठ काढली.

कुमाआत्यानं रडायला सुरुवात केली. सिस्टर बराच वेळ हात धूत राहिली, बादलीतलं पाणी संपेपर्यंत. मग कौपाकडे न बघता म्हणाली, "युरेहून कण्यावरून माणूस दुपारच्या आधी पोचतो. तेव्हा आली असती तर या शिळ्या इंजेक्शनांनीसुद्धा कदाचित भागलं असतं. एवढा उशीर का केलात?"

"वळसा घातला."

"का?"



ओतिलिया परत गेली तेव्हा वाटेत माणसंच माणसं होती. लाकडाच्या पेटीत ठेवलेलं प्रेत स्वच्छ असतं, त्याला खांद्यावर न्यायला काही अडचण नसते. कण्यावरून नेली. चढावर मागच्यांनी कुरकूर केली नाही. दोन कुळांचे गडी खांदा द्यायला एकमेकांना ढकलत होते, आणि पाद्रीबाबा म्हणाले की असं प्रेम क्वचित बघायला मिळतं.

मग ओतिलियाच्या माहेरची माणसं आली. अंगाला पिवळा चिखल फासून, आक्रोश करत, कुऱ्हाडी घेऊन. पुढे तिचा भाऊ वेना. आमच्याकडे बाई सासरी मेली की माहेरचं कुळ जाब विचारायला येतं आणि डुकरं घेऊन जातं. त्यात वैर नसतं, रीत असते. पण जाब नीट द्यावा लागतो, नाहीतर वैरही होतं.

आदल्या संध्याकाळी गोइयेंनी कौपाला बोलावून शहाणपणा शिकवला होता. "सभेत एवढंच म्हण, की कुणीतरी करणी केली. पलीकडच्या खोऱ्यातल्या माणसांचं नाव घे. म्हणजे दोष त्यांचा. डुकरंही कमी जातील."

"करणी कोणी केली काका?"

"कोणी का असेना. आणि दुसरं सांगू? खरं विचारशील तर तूच केलंस. तू तिला डोक्यावर घेतलीस. तोवर जिवंत होती ना ती? तू वर उचललीस आणि गेली. गड्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. आम्ही हे तुझ्या सासरच्यांना सांगत नाही, हे आमचे उपकार समज."

सभा अंगणात भरली. एका बाजूला माहेरचे, दुसऱ्या बाजूला सासरचे, मधे खुंट्यांना बांधलेली डुकरं. गोइयेंनी लांबलचक भाषण केलं. त्यात पूर्वज आले, नाती आली, करणी आली, पलीकडचं खोरं आलं. आमचे म्हातारे बोलायला लागले की मेलेलंही मधेच जांभई देईल. वेना ऐकत होता. मग तो उठला आणि थेट कौपासमोर येऊन उभा राहिला.

"दाजी, तुम्ही सांगा. माझी बहीण कशानं मेली?"

गोइयेंनी खाकरून कौपाला आठवण करून दिली.

"उशिरानं मेली," कौपा म्हणाला. "आम्ही वळसा घातला. कण्यावरून नेली असती तर ती मागच्यांच्या डोक्यावर आली असती, म्हणून वळसा घातला. झोळी गुडघ्यांशी धरली, म्हणून चालता येईना. मी पुढे फांद्या तोडत होतो आणि टकलाची गोष्ट सांगत होतो. शेवटी मी तिला खांद्यावर घेतली. मला काही झालं नाही, वेना. बघ." त्यानं शर्ट काढला. "बघ, कातडी तशीच आहे. दात बघ. काहीही झालं नाही. पहिल्यांदाच घेतली असती तरी काही झालं नसतं."

आमच्या बाजूला कुजबुज उठली. बेनेनं मान खाली घातली. गोइये रागानं काळेनिळे झाले होते. आता डुकरं तर जाणार होतीच, वर अब्रूही.

कौपा वेनाकडे बघत होता. त्याला वाटलं होतं वेना कुऱ्हाड उगारेल. खरं तर त्याला ते हवं होतं. त्याला वाटलं, हा भाऊ आहे, रडून रडून याचा आवाज बसलाय, हा तरी ओरडेल की माझ्या बहिणीला डुकराएवढंही उचललं नाहीत.

वेनानं त्याच्या उघड्या खांद्यांकडे पाहिलं आणि एक पाऊल मागे घेतलं.

"शर्ट घाला दाजी," तो हळूच म्हणाला. "अंगावर रक्त वाळलेलं असेल अजून." आणि मग, जरा मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "वळसा घातलात त्यात तुमच्या माणसांची चूक नाही. आमच्याकडेही वळसाच घालतात. गेल्या वर्षी माझी वहिनी तशीच नेली होती आम्ही."

"मग?" कौपानं विचारलं. "वाचली?"

वेना वळला आणि डुकरं निवडायला गेला. मोठी मादी त्यानं घेतली, बाकीची किरकोळ सोडली. दोन्ही कुळांनी तापल्या दगडांच्या खड्ड्यात मांस शिजवलं आणि मिळून खाल्लं. भांडण न झाल्यामुळे सगळे खूश होते.

कौपाला मांसाचा वाटा आला तो पानावर ठेवून, लांबून सरकवून. त्या दिवसापासून पुरुषांच्या घरात त्याला कुणी बस म्हटलं नाही. जा असंही कुणी म्हटलं नाही, आमची माणसं इतकी दुष्ट नाहीत. फक्त तो शेकोटीपाशी आला की एकेकाला बाहेर काम आठवे. ओझ्यासाठीही त्याला कुणी हाक मारीना. दुकानदारानं तांदळाच्या गोण्या दुसऱ्याकडून आणवल्या. ज्या खांद्यावरून बाळंतिणीचं रक्त वाहिलं त्या खांद्यावरचा तांदूळ कोण खाणार?

तो कुमाआत्याच्या चुलीपाशी जेवायला लागला. तिथे मोठ्या दोघांबरोबर त्याची तान्ही लेक होती. एका चुलतभावाची बायको तिला आपल्या बाळाबरोबर पाजत होती. मुलगी बारीक होती, पण रडायला खणखणीत. बायका कौपाची थट्टा करत, त्याला रताळी सोलता येत नाहीत म्हणून. "ट्रक, ट्रक, साल काढतोयस की रताळंच फेकतोयस?" एकदा त्यानं विचारलं, "तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं का गं, की काही होत नाही म्हणून? रक्तानं?"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. "आमच्या अंगावर जन्मभर आहे ते," कुमाआत्या म्हणाली. "आमची कातडी सैल पडलीय का? माझी पडलीय, पण मी म्हातारी आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो की. तुझ्या मागे मागे चालत, सगळी वाट बोलत होते मी. तू गोष्ट सांगत होतास."

काही महिन्यांनी बेनेच्या बायकोचे दिवस भरत आले. पाउला तिचं नाव, अठराएक वर्षांची, पहिलटकरीण. एका सकाळी कौपा अंगणातून जात होता तेव्हा बेने आणि बाकीचे गडी पुरुषांच्या घरासमोर काहीतरी तयार करत बसले होते. ओतिलियाच्या मृत्यूचा गावानं फार गंभीरपणे विचार केला होता. गोइयेंनी दोनतीन बैठका घेतल्या होत्या. ऐन वेळी धावपळ झाली, तयारी नव्हती, म्हणून गोंधळ झाला आणि कौपासारख्या चांगल्या माणसाच्या हातून नको ते घडलं, असं सर्वांच्या मते ठरलं होतं. तर आता गावाचं कायमचं स्ट्रेचर असावं. खोडं तासून गुळगुळीत केली होती, झोळीला नवी ताडपत्री लावली होती. चर्चनं त्यासाठी खास प्रार्थनाही ठेवली होती.

"बघा काका," बेने म्हणाला. तो अजून त्याला काका म्हणे, लांबूनच का होईना. "या वेळी पक्कं काम."

कौपानं पाहिलं. काम खरंच सुबक होतं. दोर नवे होते, जाड होते, आणि मागच्यापेक्षा हातभर लांब होते.

"हे एवढे लांब का?"

"म्हणजे चढावरही खालीच राहील," बेने म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर बायकोची काळजी होती, खोटी नव्हती. "आता मागच्यांना भीती नाही. आता कण्यावरूनही नेता येईल, अगदी जमिनीलगत."

पाउला मळ्यातून येत होती. डोक्यावरच्या पट्ट्याला रताळ्यांची जड झोळी, वर सरपण, पुढे पोट. ती थांबून स्ट्रेचरकडे बघत राहिली. मग तिनं पोटावर हात ठेवला.

"यात तर मी फरफटत जाईन," ती म्हणाली.

गडी हसले. कौपा तिच्याजवळ गेला, नको तितका जवळ, आणि हलक्या आवाजात म्हणाला, "पाउला, ऐक. आजच निघ. पाय चालतायत तोवर निघ. गाल्म्याला सिस्टरच्या ओसरीवर जाऊन राहा, बाळ होईपर्यंत. यांच्यावर राहू नकोस. तुझी झोळी मी उचलतो."

पाउलानं अंगणाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, डुकरांच्या खाण्याच्या रिकाम्या कुंडाकडे पाहिलं.

"आणि इथलं कोण करील, काका?" ती म्हणाली, आणि डोक्यावरचा पट्टा सारखा करून चुलीकडे गेली.